शाळेत बागकाम मंडळ कुणी चालवतंय का? गेल्या वर्षी आमचं पार फसलं

माणदेशी बाई

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या जि.प. शाळेत आहे. द्विशिक्षकी, पहिली ते पाचवी, पट ४१. गेल्या वर्षी मोठ्या हौसेनं बागकाम मंडळ काढलं, तिसरी ते पाचवीची २३ पोरं, आणि दिवाळीपर्यंत सगळा बट्ट्याबोळ. पुढच्या आठवड्यात शाळा उघडतेय, यंदा परत करायचंय म्हणून विचारतेय. जरा मोठं लिहिणारे, सांभाळून घ्या.

झालं असं की शाळेमागं दोनेक गुंठे जागा आहे, ती एका पालकांनी जेसीबी लावून फुकटात साफ करून दिली, मग मला चेवच आला. जूनअखेर एक पाऊस झाला की लगेच एकाच दिवशी भेंडी गवार मेथी पालक कोथिंबीर वांगी टोमॅटो, जे बी मिळेल ते लावून मोकळे झालो. पहिले आठ दिवस पोरं इतकी खूश की खिचडी अर्धी टाकून मागं पळायची. मग पाऊस गायब. आमच्याकडं हे नेहमीचंच, आमचा खरा पाऊस परतीचा. हापशावरनं बादल्या आणून आणून पोरं आठवड्यात कंटाळली. दोघंतिघं रोज रोप उपटून मूळ किती वाढलं बघायची आणि परत खोचून ठेवायची, ती रोपं गेली. तण एवढं माजलं की त्यात मेथी कुठली हे मलाच कळेना. आणि कुंपण केलं होतं बाभळीच्या काट्यांचं, शेळ्यांना तर तो खुराकच, आधी कुंपण खाल्लं मग बाग खाल्ली. दिवाळीच्या सुट्टीनंतर आलो तर वांग्याची चार खोडं उभी.

हे सगळं ठीक आहे, पण दोन गोष्टी डोक्यातनं जात नाहीत. एका मुलीचे वडील शाळेत येऊन म्हणाले, "बाई, रानातच राबवायची आसती पोरगी तर साळंत कशाला घातली आसती?" मी गप्प बसले. ती पोरगी घरचं पाणी भरून, शेळ्यांचं करून शाळेत येते आणि इथं मी परत तिच्या हातात बादली दिलेली, त्यांचं काय चुकलं.

दुसरी गोष्ट एका चौथीतल्या मुलाची, मेंढपाळाचं घर. सगळ्यात नेमानं तोच यायचा, वांग्याला पाणी, खुरपणं, सगळं न सांगता. दिवाळी झाली की त्यांचा वाडा (मेंढपाळांचा तांडा) मेंढ्या घेऊन निघतो, तो गेला, वांगं काही त्याच्या हाताला लागलं नाही. यंदा पाचवीत आहे.

तर कुणी चालवत असेल तर सांगा, पाण्याचं काय करता, सुट्टीत कोण बघतं, आणि त्या वडलांना काय सांगू?

खडू आणि खुरपं

मॅडम, आमची शाळा निफाडकडची, पाणी तुमच्यापेक्षा बरं, पण पहिली दोन वर्षं आमचीही अशीच गेली. बारा वर्षं झाली आता. जे शिकलो ते सांगतो, क्रम लागेलच असं नाही.

आधी ते दोन गुंठे विसरा. २३ पोरांना दोन गुंठे म्हणजे शेतीच झाली आणि शेती म्हणजे राबणं. आम्ही सहा वाफे करतो, प्रत्येक अडीच फूट रुंद आणि सहा फूट लांब, बस. रुंदी अडीच फूटच का, तर तिसरीतल्या पोराचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर पोरगं वाफ्यात पाय देतं आणि दुसऱ्याचं रोप मोडलं की भांडण. एका वाफ्याला चारच पोरं. उरलेली जागा तशीच सोडा, गवत वाढू दे, त्यातले किडे मुंग्या बघायला परिसर अभ्यासात कामाला येतात.

दुसरं, पीक निवडायच्या आधी कॅलेंडर उघडा आणि सुट्ट्यांवर लाल गोल करा. माझं म्हणणं सगळ्यांना पटत नाही, पण सुट्टीत बाग रिकामी पाहिजे. सुट्टीत कोण पाणी घालणार हा प्रश्नच ठेवायचा नाही. पोरांना सुट्टी तशी वाफ्यालाही सुट्टी, वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन टाकून द्यायचं, परत आलो की माती मऊ मिळते. मग उलटं मोजायचं. जूनच्या २०-२२ तारखेला भेंडी, गवार, चवळी लावली तर ४५-५० दिवसांत तोडा चालू होतो, म्हणजे १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला पहिली भेंडी हातात. ती दिवाळीपर्यंत आपोआप संपते. दिवाळीनंतर शाळा भरली की पहिल्याच आठवड्यात मेथी, पालक, मुळा. मेथी महिन्याभरात, मुळा ४०-४५ दिवसांत, पालक तर कापला की परत फुटतो. जानेवारीत अजून एक मेथी आणि कोथिंबीर, परीक्षेच्या आधी खेळ खलास. वांगी टोमॅटो मी पहिल्या वर्षी लावतच नाही, रोपं करा मग लावा मग फळाची वाट बघा, तोवर पोरांचा जीव जातो. तुमच्या त्या मुलाचं तेच झालं.

धणे पेरताना आख्खे टाकू नका, चपलेखाली किंवा लाटण्यानं हलके रगडून दोन डाळी करून टाका. हे काम पहिलीच्या पोरांना द्या, जाम खूश होतात.

रोप उपटून बघणाऱ्या पोरांना रागावू नका हो, ती खरी अभ्यासू पोरं. काचेच्या ग्लासात आतून ओला टिपकागद गोल लावायचा आणि काच नि कागदाच्या मधे चवळीचा किंवा वालाचा दाणा अडकवायचा, तळाला बोटभर पाणी. मूळ कसं येतं, ते खालीच का वळतं, सगळं बाहेरून दिसतं. ग्लास आडवा करून ठेवला तर दोन दिवसांत मूळ परत खाली वळतं, ते बघून आमची पाचवीची पोरं वेडी झाली होती. आमच्याकडं दरवर्षी असे चार ग्लास खिडकीत असतात, तेव्हापासून वाफ्यातलं उपटणं बंद.

आता त्या वडलांचं. हा प्रश्न मलाही दोनदा ऐकायला लागलाय. त्यांना उत्तर देऊ नका, कारण तोंडानं दिलेलं उत्तर पटणार नाही. काम बदला. घरी पोरीला कुणी विचारतं का की काय पेरू, कुठं पेरू, किती अंतरावर? घरी सांगितलं तेवढं करायचं असतं. शाळेत हे सगळं तिनं ठरवायचं आणि चुकलं तर तिनंच का चुकलं ते वहीत लिहायचं. आमच्या एका गटानं मुळा इतका दाट पेरला की नुसती पानं आली, मला पेरतानाच दिसत होतं, पण बोललो नाही. पुढच्या वेळी त्यांनी स्वतः दोरीला वीतवीतभर अंतरावर गाठी मारल्या. आणि तीन गोष्टी आमच्याकडं भिंतीवर लिहिल्यात: बागेतलं काम शिक्षा म्हणून कधीच नाही (गृहपाठ केला नाही जा खुरपायला, हे तर अजिबातच नाही). पाणी फक्त मुलींनी आणि खणणं फक्त मुलांनी असं नाही. आणि पिकलेलं सरांच्या घरी जाणार नाही. तिसरी गोष्ट माझ्यासाठीच लिहिलीय, पहिल्या वर्षी मीच मेथीच्या दोन जुड्या घरी नेल्या होत्या आणि पोरांनी बघितलं होतं. 😅

पुणेरी पालक

मी शिक्षक नाही, पण दुसरी बाजू सांगते. आमच्या मुलाच्या शाळेत (खासगी, नाव नको) इको क्लब आहे, त्याची वेगळी फी आहे, आणि वर्षभरात त्यांनी काय केलं तर प्रत्येकाला घरून एक कुंडी रोपासकट आणायला सांगितली. ती कुंडी मी आणली, रंगवली मी, पाणी पण सुट्टीत मीच घातलं, मुलाला ते झाड कसलं होतं तेही सांगता येत नाही. फोटो मात्र माहितीपत्रकात छापून आलाय. तुमच्या चार वांग्याच्या खोडांना त्याहून जास्त अर्थ आहे असं मला वाटतं.

खडू आणि खुरपं

@पुणेरी पालक हे फक्त खासगीत नाही बरं का. शाळांच्या परसबाग स्पर्धेची तपासणी यायच्या आदल्या दिवशी नर्सरीतून रोपं आणून पिशवीसकट मातीत पुरलेली मी डोळ्यांनी बघितलीयत. तपासणी झाली की परत नर्सरीत.

शिराळ्याचा मांडव

आमचं रत्नागिरी, लांज्याकडे. आमच्या पाण्याच्या अडचणी उलट्या, जूनपासून एवढा पाऊस की पालेभाजीचं बी मातीसकट वाहून जातं, जांभ्याची माती, काही धरूनच ठेवत नाही. म्हणून आम्ही पावसात जमिनीवर काही करतच नाही, सगळं मांडवावर. शिराळी (दोडकी), पडवळ, काकडी, दुधी. चार बांबू, जुनी नायलॉनची जाळी, आणि वेल चढला की पोरं त्याच्याखाली बसून पाढे म्हणतात.

मला मुद्दाम लिहायचंय ते फुलांबद्दल. पहिल्या वर्षी आमच्या दुधीला शेकडो फुलं आणि दुधी एकही नाही, पोरं रडकुंडीला आली. मग एका पोराच्या आजीला बोलावलं, तिनं येऊन फुलं उलटी करून दाखवली, ज्याच्या मागे बारकासा दुधी आहे ती मादी, नुसता देठ आहे तो नर. सुरुवातीला नरच जास्त येतात. आणि दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा शाळा सुटलेली असते, आणि आमच्या इथे त्या पावसात पाखरं पण फिरत नव्हती बहुतेक. शिराळ्याचंही फूल संध्याकाळचंच. लाल भोपळा मात्र सकाळी लवकर उमलतो, तो शाळेसाठी बरा, प्रार्थनेच्या आधी नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादी फुलाच्या मधे हलकं टेकवायचं. ज्या फुलाला टेकवलं त्याच्या देठाला पोरं रंगीत दोरा बांधतात. आठ दिवसांनी दोरावाली किती धरली आणि बिनदोऱ्याची किती, एवढा तक्ता फळ्यावर. विज्ञानाच्या पुस्तकातला परागीभवनाचा धडा मला त्या वर्षी वेगळा शिकवावाच लागला नाही.

गोगलगायींचं पण सांगतो, ओला भाग असेल त्यांना उपयोगी. मोठ्या शंखाच्या त्या आफ्रिकन गोगलगायी एका रात्रीत रोपं साफ करतात. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याच्या कडेला टाकायचं, सकाळी त्याच्याखाली गोळा झालेल्या असतात, मोठ्यांनी हातात पिशवी घालून उचलायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. पोरांना हात लावू देऊ नका, त्यांच्यात जंत असतात.

सुट्टीत बाग रिकामी हे खडूसरांचं मला पटत नाही. आमच्याकडे मे महिन्यात मुंबईकर गावाला येतात, त्यांची पोरं दुपारभर मोकळीच असतात, अळूला आणि कढीपत्त्याला पाणी तीच घालतात. पण माणमध्ये मे महिन्यात टँकर येतो तिथे रिकामीच बरी, मान्य.

कृषीवाला

मी बी.एस्सी. ॲग्री केलंय, कृषी सेवा केंद्रात बसतो, म्हणजे औषधं विकूनच पोट भरतो, तरी सांगतो, शाळेच्या बागेत कसलीही रासायनिक फवारणी नको. आणि त्याहून महत्त्वाचं, जे कुणी लिहीत नाही ते बियाण्याचं. दुकानातल्या पाकिटातलं बी गुलाबी, निळं, हिरवं असं रंगीत असेल तर त्याला बुरशीनाशक नाहीतर कीटकनाशक चोळलेलं असतं, तो रंग इशाऱ्यासाठी असतो. ते बी पोरांच्या हातात देऊ नका, छोटी पोरं तोंडात घालतात. तसंच औषधाचे रिकामे डबे धुऊन झारी करतात लोक, ते अजिबात करू नका, कितीही धुतला तरी. झारी पाहिजे तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला गरम सुईनं सातआठ भोकं पाडा, झाली झारी, आणि पोराच्या हाताला वजन पण झेपतं.

बी घरचं वापरा ना. माणमध्ये प्रत्येक म्हातारीकडं गाडग्यात राखेत ठेवलेलं गवारीचं, चवळीचं, दोडक्याचं बी असतंय. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, २०२० च्या यादीत पद्मश्री, त्यांनी दुसरं काय केलं, घराघरातलं गावरान बीच जपलं. आणि गावरानचा शाळेला एक फायदा असा की त्याचं बी धरून पुढच्या वर्षी पेरता येतं. हायब्रिडचं धरलेलं बी पुढच्या वर्षी एकसारखं येत नाही, एक झाड एका तऱ्हेचं दुसरं दुसऱ्या, ते पण एकदा मुद्दाम शेजारी शेजारी लावून बघायला मजा येईल म्हणा.

कीड: आता जून-जुलैत लिंबोळ्या पडतात, पोरांना गोळा करायला लावा, गर धुऊन सावलीत वाळवून ठेवा. लागेल तेव्हा ५० ग्रॅम कुटून फडक्यात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवायची, सकाळी पिळून गाळून घ्यायची, चिमूटभर साबणाचा चुरा, आणि फवारायची संध्याकाळी, उन्हात नाही. मावा, तुडतुडे आटोक्यात राहतात. जुन्या पॅडच्या पुठ्ठ्याला पिवळा रंग देऊन एरंडेल फासून काठीला टांगलं की पांढरी माशी चिकटते, मग पोरांना मोजायला लावा. भेंडीची पानं शिरांपासून पिवळी पडायला लागली, ज्याला हळद्या म्हणतात, तर त्याला औषध नाही, ते झाड उपटून लांब टाका, ती माशीच तो रोग पसरवते.

शेणखत कच्चं टाकू नका, हुमणी (मुळं खाणारी अळी) लागते आणि तणाचं बी त्यातनंच येतं. मॅडम, मला वाटतं तुमचं तण तिथलंच. चांगलं कुजलेलं, हाताला वास न येणारं, असं बघून घ्या. तुमच्याकडं मेंढपाळ आहेत तर लेंडीखत मिळेल, त्याला तोड नाही, पण तेही मुरवून, पेरायच्या पंधरा दिवस आधी वाफ्याला दोन घमेली. आणि शेणाची स्लरी, जीवामृत वगैरे पालेभाजीच्या पानांवर ओतायचं नाही, बुंध्याशी. खायच्या आधी भाजी धुणं, काम झालं की हात धुणं, हे पोरांना सवयीचं करा.

आणि एक. माणमध्ये फुरसं आणि विंचू दोन्ही आहेत. दगड, पाचोळ्याचा ढीग पोरांनी हातानं उचलायचा नाही, आधी मोठ्यानं काठीनं हलवायचा. पाचोळ्याचं आच्छादन चांगलंच आहे, फक्त शाळा उघडली की पहिल्या दिवशी ते पोरांच्या आधी तुम्ही काढा.

गच्चीवरचा शेतकरी

माती-बिती नसलेल्यांसाठी. आम्ही ठाण्यात महापालिकेच्या एका शाळेत गच्चीवर करतो. तिथं माती भरली तर वजन येतं आणि पावसात भिजली की अजून वाढतं, म्हणून आधी इंजिनिअरला दाखवलं, आणि पिशव्यांमध्ये माती कमी, सुका पाला आणि नारळाचा भुसा जास्त. खत पोरांच्या डब्यातल्या सालींचं, मोठ्या ड्रमला भोकं पाडून, ओला कचरा एक थर सुका पाला एक थर, दोनअडीच महिन्यांत तयार. वास आला म्हणजे पाला कमी पडला, एवढंच लक्षात ठेवायचं. पिंप, ड्रम जे काही पाण्याचं असेल त्याला फडकं बांधा, डासांमुळे आमची एकदा सगळी बाग बंद व्हायची वेळ आली होती.

मॅडम, तुमच्या पाण्याला एक उपाय, मडकं. कच्चं नाही, भाजलेलं साधं माठाचं मडकं, बिनरंगाचं, वाफ्यात गळ्यापर्यंत पुरायचं, तोंडावर ताटली. पाणी भरलं की ते भिंतीतनं झिरपत राहतं, जेवढी माती कोरडी तेवढं ओढून घेते. तीन-चार दिवसांनी एकदा भरा. वेलभाजीला तर मस्तच. आणि ४१ पोरं जेवायच्या आधी नि नंतर हात धुतात, ते पाणी कुठं जातं?

माणदेशी बाई

हात धुतलेलं पाणी शाळेच्या फाटकाकडं वाहत जातं आणि तिथं चिखल होतो, त्यावरनं गेल्या वर्षी ग्रामपंचायतीत भांडण पण झालंय. मला हे सुचलंच नव्हतं 🙈

ताईची लेक

माझी आई आमच्या गावच्या शाळेत पोषण आहार शिजवते, १६ वर्षं. तिला हे सगळं वाचून दाखवलं तर ती म्हणाली सगळे पेरायचं बोलतात, शिजवणारीला कुणी विचारत नाही. म्हणून तिच्या वतीनं लिहिते.

पहिली ते पाचवीला पोरामागं ५० ग्रॅम भाजी धरलेली असते. तुमची ४१ पोरं म्हणजे दिवसाला दोन किलोच्या वर. सहा वाफ्यांतनं रोज दोन किलो कधीच निघणार नाही, तेव्हा शाळेची भाजी बागेतून असं कुणाला सांगू नका, नाहीतर पाव किलो गवार आणून ताईच्या पुढ्यात ठेवायची आणि ४१ जणांत वाटा म्हणायचं, ती काय करणार. आईचं म्हणणं थोडं लागतं पण रोज लागतं ते लावा. कढीपत्ता, कोथिंबीर, मिरची, लिंबू, आणि शेवगा. शेवग्याचा कोवळा पाला मूठ दोन मूठ वरणात टाकला की पोरांना कळत पण नाही (जास्त झाला तर कडू लागतो मग लगेच कळतं). शेवगा एकदा लागला की त्याला पाणी पण फार लागत नाही, शेळ्यांपासून पहिलं वर्ष जपा फक्त.

मेथी लावाल तेव्हा आठवड्यातला एकच दिवस मेथीचा ठरवा, सगळे वाफे एकदम कापा आणि निवडायला पोरांना बसवा. आई सांगते, पोरं एरवी खिचडीतली मेथी बाजूला काढून ठेवतात, पण स्वतः निवडलेली असली की ताट पुसून खातात आणि शेजारच्याला सांगतात ती माझ्या वाफ्यातली आहे. खरं खोटं तिलाच माहीत.

आणि हात धुवायचं पाणी अळू, केळी, कर्दळीला सोडा, पालेभाजीला नको, त्यात साबण असतो.

सेवाग्राम रोड

वर्ध्यात राहतो म्हणून दोन ओळी. आमच्याकडं गांधीजींची नई तालीम, म्हणजे हातानं काम करत शिकायची पद्धत, १९३७ च्या वर्धा परिषदेपासूनची, आणि तेव्हापासून "हे शिक्षण की फुकटची मजुरी" हाच आक्षेप घेतला जातोय, तेव्हा त्या वडलांचा प्रश्न जुना आहे आणि चांगला पण आहे. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा आजही शेती, बागकाम अभ्यासक्रमातच धरते. तिकडं गेलात तर पोरांच्या वह्या बघा, वाफे नंतर बघा.

माणदेशी बाई

सगळ्यांचे खूप आभार, आज १७ ऑगस्ट, मुद्दाम थांबले होते काहीतरी सांगण्यासारखं होईपर्यंत.

वाफे पाचच केले. जागा पोरांनी ठरवली, मी म्हणत होते मागं, ती म्हणाली नाही फाटकाजवळ, येता जाता दिसतं आणि शेळ्या पण दिसतात. हात धुवायच्या नळापासनं अर्धा फुटलेला सिमेंट पाइप टाकून पाणी केळीच्या तीन खुंटांना सोडलंय, चिखल बंद, सरपंच खूश. कुंपणाला एका पालकांनी जुनी साडी आणि द्राक्षबागेतली टाकाऊ जाळी दिली. मडकी चार पुरलीत, पाचवं पुरताना फुटलं. शालेय मंत्रिमंडळात यंदा पाणीमंत्री म्हणून एका मुलाला मुद्दाम घातलाय, बादली तोच उचलतो.

ज्यांनी विचारलं होतं त्या वडलांच्या आईला, म्हणजे मुलीच्या आजीला, बियाण्यासाठी बोलावलं. गाडगंच घेऊन आल्या. राखेतनं बी कसं पाखडून काढायचं ते दाखवलं, मी गवार टोकायला लागले तर माझ्या हातावर चापट मारली, "एवढं खोल न्हाय ओ बाई". २३ पोरं हसली. वडील अजून काही बोलले नाहीत, पण पंधरा ऑगस्टला फाटकाशी थांबून वाफा बघत होते, पोरगी त्यांना काहीतरी दाखवत होती.

भेंडी पंधराला नाही आली, काल तोडली, अकरा निघाल्या. ११ भेंड्या ४१ जणांत कशा वाटायच्या यावर तासभर चर्चा झाली, शेवटी चकत्या करायचं ठरलं आणि गणिताचा तास त्यातच गेला. ताईंनी तव्यावर मीठ टाकून परतून दिल्या.

आणि तो पाचवीतला. जूनमध्ये प्रत्येक गटानं काय लावायचं ते ठरवत होतो, तर हा बोटांवर काहीतरी मोजत बसला होता. म्हटलं काय रे? म्हणाला, "आम्ही दिवाळी झाली की निघतो, मग त्याच्या आधी वाळून बी हातात येईल असं काय हाय?" चवळी निघाली. झुडपी, गावरान, आजींच्याच गाडग्यातली. लेंडीखत त्याच्या घरनं आलं, चार पोती, सगळ्या वाफ्यांना पुरलं. आता शेंगा लागायला लागल्यात, पण तो एकही कोवळी तोडू देत नाही कुणाला, गटातल्या बाकी तिघांशी रोज भांडण, त्यांना भाजी पाहिजे. सध्या एवढं मिटलंय की दोन ओळी भाजीच्या आणि एक ओळ बियाण्याची. बियाण्यातलं अर्धं शाळेच्या गाडग्यात आणि अर्धं तो वाड्याबरोबर नेणार, जिथं मुक्काम पडेल तिथं टोकणार म्हणतोय.

@कृषीवाला, चवळीच्या शेंड्याला काळा मावा दिसतोय, लिंबोळीचा अर्क एकदा मारलाय, परत किती दिवसांनी मारू?